गळ टाका मालक, पण जरा सरकून!

सोलापूरला समुद्र नाही, ही उणीव ९ जून २०२५ रोजी दूर झाली. त्या दिवशी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं. मुंबईच्या विमानाची वाट बघून थकलेल्या शहराला आधी समुद्र दाखवला, यात काहीतरी दूरदृष्टी असणारच. मुहूर्तही नेमका निघाला. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. म्हणजे मासे पाण्यात, होड्या किनाऱ्यावर आणि सोलापूरकर हवेत.

आता उजनी धरणाच्या काठावर चिलापी मासा ओढणारे हात गोव्यात मांडवी नदीच्या कठड्यावर चोणक मासा ओढायला शिवशिवणार, हे ठरलेलंच. त्यांना भरती-ओहोटी समजावण्याची गरज नाही. ११७ टीएमसीच्या उजनीत जवळजवळ ६४ टीएमसी पाणी ‘मृत’ धरतात. पाणी त्याच्याही खाली उतरलं की पेपरात उणे टक्के छापून येतात. उणे पाण्यातून मासे काढणाऱ्याला समुद्र काय शिकवणार? समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, आम्हाला वर्षातून एकदा. उरलेले महिने ओहोटी. अडचण आहे ती रीतभातीची.

पहिली रीत जागेची. धक्क्यावर कुणी आधीपासून गळ टाकून बसला असेल, तर त्याच्यापासून अंतर राखून बसायचं. आपला दोरा त्याच्या दोऱ्यावरून जाऊ द्यायचा नाही. इथे आपली पंचाईत होते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा माणूस समुद्रावर गेला की काठी टाकून अर्धा धक्का धरतो आणि चहाला जातो. वर परत येऊन विचारतो, ‘‘काय बे, आमची जागा हाय की ही!’’ समुद्राला सीट नंबर नसतात, मालक. आणि गळ भिरकावण्याआधी मागे वळून बघायचं. गळाला मासा आणि माणसाचा कान यातला फरक कळत नाही.

दुसरी रीत बोलण्याची. आयझॅक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १६५३ साली गळाच्या छंदावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात शांत वृत्तीचं कौतुक केलं. माणूस कापडाचा व्यापारी होता, म्हणजे धंद्याने जवळपास सोलापूरचाच. पण स्वभावाने नव्हे. आपण तासभर मुकाट बसलेल्या अनोळखी माणसाला विचारणार, ‘‘मालक, लागला का? कोळंबी लावलाय काय? कितीला घेतला?’’ मग त्याच्या गळाला खरंच मोठा मासा लागतो. अशा वेळी शेजाऱ्याने आपला दोरा गुंडाळून घ्यावा, म्हणजे गुंता होत नाही. आपण काय करणार? आपला दोरा पाण्यात तसाच सोडून त्याच्या खांद्याशी उभं राहणार आणि ओरडणार, ‘‘ढील दे बे, ढील!’’

तिसरी रीत माशाशी वागण्याची. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. सुरमई ३७० मिलिमीटर. शाळेतली पट्टी पुरणार नाही. मच्छीमाराने मिलिमीटर मोजायचे आणि हौशी माणसाने बोटभर पिल्लू कॅमेऱ्याच्या नाकाशी धरून हातभर दाखवायचं, हे बरं दिसत नाही. लहान मासा हात ओले करून धरावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मग पटकन पाण्यात सोडावा. ‘‘सोडायचाच होता तर धरला कशाला?’’ हा प्रश्न घरचे विचारतील. त्याचं उत्तर वॉल्टनलाही देता आलं नसतं. आणि तुटलेला नायलॉनचा दोरा खिशात घालून परत आणावा. तो कुजत नाही. पक्ष्यांच्या पायांत आणि कासवांच्या गळ्यात अडकतो.

इथवरचे नियम हौशी माणसांनी एकमेकांपासून वाचण्यासाठी केलेले आहेत. ज्याची चूल याच पाण्यावर पेटते, त्याचं नाव त्यांत कुठेच नाही. म्हणून शेवटची रीत आम्ही पदरची घालतो. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणं चालू असेल, तर आपली काठी मिटावी. हात रिकामे असतील तर विचारून दोराला लावावेत. लोकांच्या बांधलेल्या होडीवर चढून गळ टाकू नये. वाळत घातलेलं जाळं ही बसायची चटई नव्हे. ‘‘कुठे मासा जास्त मिळतो?’’ असं कोळ्याला विचारू नये. आपण तरी आपल्या बोअरचा पॉइंट शेजाऱ्याला सांगतो का?

एवढं सगळं पाळलं की संध्याकाळपर्यंत बहुधा काहीच मिळत नाही. काठी, रीळ, टोपी, गॉगल आणि विमानाचं तिकीट एवढा खर्च करून रिकाम्या हाताने मंडळी बाजारात येतात. तिथे मासेवाली एक भाव सांगते. आणि आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर शांत बसलेला सोलापूरकर तोंड उघडतो, ‘‘काय तर मावशी, पन्नास कमी करा की!’’

करू नका, मालक. दिवसभर बसून जो तुम्हाला मिळाला नाही, तो तिने आणून दिलाय. सांगेल तो भाव द्या, मासा घ्या. मग तो खुशाल गळाला अडकवून फोटो काढा. फक्त बर्फ झटकून.