साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं मागवणाऱ्या रघुनाथराव दादासाहेबांस

मुक्काम चिखली

दादासाहेब,

तुमच्या नावामागे ‘श्रीमंत’ लिहायला हात धजत नाही, आणि नावापुढे ‘पेशवे’ लिहायला तर त्याहून नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारदी घुसले तेव्हा तुमचा पुतण्या पळत तुमच्याकडेच आला आणि तुम्हाला मिठी मारून जीव वाचवा म्हणाला. पेशवे नारायणराव १८ वर्षांचे होते. तुम्ही ३९ वर्षांचे, अटकेपर्यंत फौजा नेलेले सेनापती. तुम्हाला सुमेरसिंग गारद्याचा हात धरता आला नाही. चापाजी टिळेकर नावाच्या हुजऱ्याला मात्र धन्याच्या अंगावर पडून मरता आलं. त्या खोलीत मर्द कोण होता, हे तुम्ही स्वतः पाहिलंत.

खुनाचा बराचसा दोष लोकांनी तुमच्या पत्नी आनंदीबाईंच्या माथी मारला आणि तुम्हाला अर्धं सोडून दिलं. हुकमातलं अक्षर त्यांनी बदललं, ही गोष्ट आमच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. मला ती सबब मान्य नाही. चिठ्ठीत धरा लिहिलेलं असो की मारा, पगार थकलेल्या हत्यारबंद शिपायांना राज्याच्या कारभाऱ्यावर सोडायचं हा बेत तुमचा होता. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोष तुमच्याच पदरात घातला आणि तुमच्या राज्यात राहायचं नाही म्हणून पुणं सोडलं.

पण हे पत्र मी खुनानंतरच्या तुमच्या कामगिरीबद्दल लिहितो आहे. वाडा तुमच्या हातात, खजिना हातात, गारदी दारात. तरीही तुम्ही दत्तकपुत्र अमृतरावांना बजाबा पुरंदऱ्यांबरोबर साताऱ्याला धाडलंत. कशासाठी? छत्रपतींनी दिलेली वस्त्रं अंगावर आल्याशिवाय तुम्ही पेशवे नव्हतात, फक्त पुतण्याचे मारेकरी होतात, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. पेशव्याच्या शिक्क्यावर छत्रपतींचं नाव असे. सरदाराने हुकूम मानायचा तो त्या नावाचा. म्हणजे तलवारीने जे मिळालं त्याला राजाची मान्यता हवी होती, आणि ती मागायला तुम्हाला लाज वाटली नाही.

मागितलीत कुणाकडे? छत्रपती रामराजांकडे. शाहू महाराज डिसेंबर १७४९मध्ये गेले, रामराजे गादीवर आले आणि १७५०मध्ये ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवलं. त्याच वर्षी सांगोल्याला झालेल्या करारातून राज्याचा कारभार तुमच्या थोरल्या भावाकडे, पुण्याला आला. पुढे माधवराव पेशव्यांनी छत्रपतींना गडावरून शहरात येऊ दिलं, पण राज्य काही परत दिलं नाही. स्वतःची फौज नाही, खर्चाला पैसा पुण्याहून येणार, आजूबाजूला पुण्याचीच माणसं. अशा माणसापुढे तुमचा दूत जाऊन उभा राहिला. वस्त्रं आली, ती येणारच होती. ज्याला नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही, त्याच्या होकाराला तुम्ही राजाज्ञा म्हणालात!

डिसेंबर १७७२मध्ये याच गादीने नारायणरावांना वस्त्रं दिली होती. मग तुम्हाला दिली. आणि मे १७७४मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या ४० दिवसांच्या सवाई माधवरावांना दिली, कारण तोवर जोर तुमच्याविरुद्ध एकत्र आलेल्या बारभाईंच्या मनगटात गेला होता. दीड वर्षात तीन पेशवे, छत्रपती तेच. बारभाईंतल्या नाना फडणीस आणि सखारामबापूंनीही छत्रपतींचं मत विचारलं नसणार, हे मी जाणतो. त्यांना मी त्यातून सोडत नाही. पण त्यांच्यामागे मेलेल्या पेशव्याचं मूल होतं. तुमच्यामागे गारदी होते.

राजाला नाही म्हणता आलं तर काय होतं, ते पाहा. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी स्पेनमध्ये तेजेरो नावाचा अधिकारी बंदूकधारी शिपाई घेऊन संसदेत घुसला. बंडवाले राजाच्याच नावाने बोलत होते. मध्यरात्र उलटल्यावर राजा हुआन कार्लोस गणवेशात दूरदर्शनवर आला, हे मला मान्य नाही म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बंड कोसळलं. त्याला सेनाधिकाऱ्यांशी स्वतः बोलता येत होतं, त्याच्या वाड्यावर बंडवाल्यांचा ताबा नव्हता. साताऱ्याला असा एक शब्द बोलायची मुभा असती, तर तुमचा दूत रिकाम्या हाताने परतला असता. ती मुभा तुमच्या घराण्याने २३ वर्षं आधी काढून घेतली होती. तुम्ही त्या कमाईवर हात मारलात.

वस्त्रं गेली तेव्हा तुम्ही दुसरा धनी शोधलात. मार्च १७७५मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देऊ केलीत. वसई! तुमच्या सख्ख्या चुलत्याने, चिमाजीअप्पांनी, १७३९मध्ये असंख्य माणसांच्या रक्तावर घेतलेली. तुमच्या वडिलांच्या भावाची कमाई तुम्ही एका पदासाठी कागदावर उतरवलीत.

आता आमच्या भागाचं सांगतो. जानेवारी १७७९मध्ये इंग्रजांची फौज तुम्हाला घेऊन बोरघाट चढून कार्ल्यावरून तळेगावपर्यंत आली. शत्रूला दाणा-चारा मिळू नये म्हणून मराठ्यांनी स्वतःचं तळेगाव पेटवलं. तुम्ही पुढे सरकला असतात तर चिंचवड आणि पुणंही जाळायची तयारी होती. मोरया गोसावींचं चिंचवड, दादासाहेब, आमच्या चिखलीजवळचं. आज आमच्याकडची पोरं शिफ्टला तळेगावच्या कारखान्यांत जातात. त्या वाटेवरच्या गावांनी तुमच्या हौसेपायी आपल्या हाताने आपली घरं पेटवायची होती. वडगावला इंग्रजांनी गुडघे टेकले आणि तुम्ही महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झालात.

शेवटी १७८२मध्ये सालबाईचा तह झाला. त्यात तुम्हाला दरमहा २५ हजार रुपये ठरले, आणि तुम्ही कोपरगावला जाऊन राहिलात. त्या तहात इंग्रजांची सोय आहे, तुमची आहे. तळेगावात ज्यांची घरं जळाली त्यांच्यासाठी त्यात एक ओळही नाही.

चिखलीचा एक रहिवासी