कृपया आहेर आणावा

मराठीत ब्लॉग, व्लॉग किंवा रील सुरू करणाऱ्याला पहिले सहा महिने एक गोड गैरसमज असतो. त्याला वाटतं, आपण मन लावून लिहिलं, नीट शूट केलं, की लोक येतील. मग एखादा जाणता भेटतो, खांद्यावर हात ठेवतो आणि विचारतो, "भावा, कंटेंट ठीक आहे रे. पण तुझे रिलेशन्स कसे आहेत?" इथून त्याचं खरं शिक्षण सुरू होतं.

रिलेशन्स म्हणजे वाचकांशी नव्हेत. वाचक काय, आज आहे, उद्या नाही. रिलेशन्स इतर ब्लॉगरांशी. आणि हे शिकायला मराठी माणसाला क्लास लावावा लागत नाही, कारण आपल्या घरोघरी आहेराची वही असते. बंड्याच्या मुंजीत कुणी स्टीलचा डबा दिला, कुणी पाकिटात पाचशे एक घातले, हे सगळं तिच्यात टिपलेलं असतं. त्यांच्याकडे कार्य निघालं की आधी कपाटातून वही निघते, मग पाकीट. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असलं तरी निघते. ब्लॉगरांचे व्यावसायिक संबंध याच वहीवर चालतात. इथली पत्रिका तेवढी प्रामाणिक आहे, ती ‘आणावा’ असंच म्हणते.

पूर्वी हा आहेर शब्दांचा असे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुठल्याही मराठी ब्लॉगवर कवितेखाली एक प्रतिक्रिया हमखास सापडायची: "छान लिहिलंय. माझ्याही ब्लॉगला भेट द्या." कविता पावसावर असो, आईच्या आजारपणावर असो, प्रतिक्रियेत काना-मात्रेचा फरक नाही. भेट दिली की तिकडे जाऊन तेच वाक्य उलट टाकायचं. शिवाय उजव्या बाजूला ‘मी वाचतो ते ब्लॉग’ अशी एक यादी असे. तिच्यातून कुणाचं नाव गळलं तर पुढचे दोन महिने तिकडून ‘छान लिहिलंय’ येणं बंद. यादीतले ब्लॉग कुणी वाचत होतं का, हा प्रश्न वेगळा आणि जरा असभ्य आहे.

या व्यवहाराचा त्रास थेट गूगललाही झाला. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये जो हिशेब मांडला, त्याचा पाया असा होता, की एक पान दुसऱ्या पानाकडे बोट दाखवतं ते तिथे काही घेण्यासारखं असतं म्हणून. किती पानं बोट दाखवतात आणि त्या पानांचं स्वतःचं वजन किती, यावर क्रमांक लावायचा. भाबडी पोरं. त्यांनी मराठी पुस्तकाचा प्रकाशन समारंभ पाहिला नसावा. चार वक्ते; त्यातल्या दोघांनी पुस्तक वाचलेलं नाही, तिसऱ्यानं फक्त प्रस्तावना वाचली आहे आणि चौथ्यानं ती लिहिली आहे. पुस्तक चौघांच्याही मते मराठी साहित्यात मोलाची भर घालणारं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं असतं तर त्यांनी पाया दुसरीकडे खणला असता. अखेर २००५ साली गूगलला ‘नोफॉलो’ची खूण काढावी लागली. प्रतिक्रियेत टाकलेल्या दुव्यावर ती असली की तो दुवा हिशेबात धरायचा नाही. मराठी प्रतिक्रियांवर याचा ढिम्म परिणाम झाला नाही. आपण गूगलसाठी देत होतोच कुठे? परत मिळावं म्हणून देत होतो.

मग जून २०२०च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले आणि लिहिणारे बोलायला लागले, बोलणारे नाचायला. ऑक्टोबर २०२१मध्ये ‘कोलॅब’ची सोय झाली. एकच पोस्ट, दोघांच्या खात्यांवर, लाइक दोघांचे मिळून. एकाच पाकिटावर दोन नावं घालून आहेर देणं आपल्याला ठाऊक होतंच; इथे घेणारेही दोघं झाले.

आता प्रत्येक होतकरू ब्लॉगर निदान एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतो. ग्रुपच्या नावात ‘परिवार’ हा शब्द बहुधा असतोच. नियम साधे. कुणी लिंक टाकली की पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांनी लाइक, सेव्ह, शेअर करायचं. कमेंट किमान चार शब्दांची हवी, नुसत्या अंगठ्याला अल्गोरिदम भीक घालत नाही म्हणे. मग ग्रुपवर ‘डन’ लिहायचं. ज्यांचं ‘डन’ आलं नाही त्यांची नावं अॅडमिन रात्री जाहीर करतो. अशाच एका परिवारातल्या ताईंची आजी गेली. त्यांनी आजीच्या हातच्या पुरणपोळीची आठवण सांगणारं नव्वद सेकंदांचं रील टाकलं. आजी गेल्याचं वाक्य साठाव्या सेकंदाला येतं. तिथवर थांबायला वेळ कुणाला? खाली प्रतिक्रियांची रांग लागली: "नादखुळा ताई, विषयच हार्ड!" "एक नंबर, लोकेशन पाठवा." "या वीकेंडला नक्की ट्राय करणार." ताईंनी प्रत्येकीला बदाम दिला. वही वही असते.

हे संबंध प्रत्यक्षात कसे फुलतात ते पाहायचं असेल तर रविवारी सकाळी अकरा वाजता पुण्याजवळच्या एखाद्या नव्या मिसळ हाऊसमध्ये जावं. मी शेजारच्या टेबलावर होतो, गिऱ्हाईक म्हणून, म्हणजे पैसे देऊन. बाहेर बैलगाडीचं चाक टेकवलेलं, आत खाटा आणि कंदील. मालकांनी दहा-बारा ब्लॉगर बोलावले होते. बसायचा क्रम फॉलोअर्सवर. लाखवाले खिडकीशी, कारण उजेड तिकडून. दहा हजारवाले मध्ये. आणि एक हजारवाला मुलगा लाखवाल्यांचा ट्रायपॉड धरून उभा.

ताटं आली. मटकी, फरसाण, कांदा, लिंबू, दही, पापड, जिलेबी, पाव आणि वाटीत कट. पहिल्या दादांनी कट ओतला. दुसऱ्या ताई म्हणाल्या, माझा फोन आडवा होता. नवं ताट आलं, पुन्हा ओतला. तिसऱ्यांच्या फ्रेममध्ये चौथ्यांचा हात आला. एव्हाना वाटीतल्या कटावरचा तवंग थिजायला लागला होता, तेव्हा वाफ दिसावी म्हणून वेटरला उकळता कट आणायला पिटाळलं. पुढचा शॉट आवडल्याचा. डोळे मिटायचे, मान हळूच डावी-उजवीकडे हलवायची आणि बोटांनी ‘खल्लास’ अशी खूण करायची. हा शॉट सगळ्यांनी पहिला घास घेण्याआधीच उरकला. नंतर लिपस्टिक जाते आणि दाढीला रस्सा लागतो, असं कारण कळलं, आणि ते पटण्यासारखं आहे. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी दोनदा हात वर करून पाव मागितला. "काका, शूट चाललंय," वेटर कुजबुजला.

मग प्रत्येकानं कॅमेऱ्याकडे पाहून जाहीर केलं, की ही पुण्यातली सगळ्यात झणझणीत मिसळ आहे. मागच्या रविवारी हा मान दुसऱ्या हॉटेलाला होता, पुढच्या रविवारचा ठरलेला आहे. इतक्या शिस्तीनं खांदेपालट आपल्या मंत्रिमंडळातही होत नाही. निघताना मालक एकेकाच्या पाया पडायचे तेवढे बाकी होते. एका दादांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, "हे बार्टरमध्ये झालं. तुमचं पेज कोलॅबला घ्यायचं तर ते पेडमध्ये येतं."

सरकारनं यात नाक खुपसायचं ठरवलं आहे. जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, सहल, हॉटेलातला मुक्काम, बार्टर, पुरस्कार यांपैकी काहीही मिळालं असेल तर प्रेक्षकाला स्पष्ट सांगायचं, हॅशटॅगांच्या गर्दीत दडवायचं नाही. एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं, पण त्यांनी कौटुंबिक आणि वैयक्तिक नातंसुद्धा उघड करायला सांगितलं आहे. जाहिरातीनं दिशाभूल झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. वैयक्तिक नातं सांगायला मराठी ब्लॉगर बसला तर नव्वद सेकंदांत मालक हे मावसभावाच्या मित्राचे साडू, इथवरच येऊन थांबेल. मिसळ दिसणारच नाही.

आयकर खातं त्याच्याही पुढचं. जुलै २०२२पासून कलम १९४आर आलं. धंद्याच्या निमित्तानं मिळालेल्या भेटी एका देणाऱ्याकडून वर्षाला वीस हजारांवर गेल्या, की त्यावर दहा टक्के टीडीएस. आहेराची वही आता दिल्लीतही लिहिली जाते. प्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक काढून समाजमाध्यमांवरच्या मंडळींसाठी खुलासाही केला: मोबाइल किंवा गाडी वापरून कंपनीला परत दिली तर ती भेट नव्हे, ठेवून घेतली तर भेट. खाल्लेल्या मिसळीबद्दल मंडळानं मौन पाळलं आहे.

तर मिसळ हाऊसमध्ये जमलेल्या त्या परिवारात, ट्रायपॉड धरून उभ्या असलेल्या हजारवाल्या मुलाकडून, अघटित घडलं. त्यानं आपल्या रीलच्या शेवटी सहज म्हटलं, "कट भारी आहे, पण पाव शिळा होता." ग्रुपवर एकही ‘डन’ आलं नाही. मग फोन सुरू झाले. पाव शिळा होता का, हे कुणीच विचारलं नाही. तो सगळ्यांनी खाल्ला होता. विचारलं ते असं: "मालकांशी काही वाजलंय का तुझं?" "पेमेंट राहिलंय का?" "कुणाच्या सांगण्यावरून बोललास?" आणि लाखवाल्या ताई मायेनं म्हणाल्या, "बाळा, आपण प्रोफेशनल राहायला हवं."

या बाबतीत आपले पूर्वज अगदीच अडाणी निघाले. टिळक आणि आगरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ काढले. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात (इथे आजच्या ब्लॉगरनं तांबडा-पांढरा डोळ्यांपुढे आणू नये, प्रकरण अब्रुनुकसानीचं होतं) दोघं १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. याहून घट्ट कोलॅब कुठलं? पण टिकवता आलं नाही. आगरकर १८८७मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८मध्ये ‘सुधारक’ काढला आणि पुढे दोघं सामाजिक सुधारणेवरून एकमेकांवर तुटून पडले, तेही छापून, वर्षानुवर्षं. परिवार ग्रुप असता तर अॅडमिननं वेळीच आवरलं असतं: "आगरकर सर, मतभेद डीएममध्ये मिटवा, ग्रुपवर निगेटिव्हिटी नको. उद्या सकाळी बळवंतरावांचं संमतिवयावरचं रील येतंय, सगळ्यांनी चार शब्द टाका. डन?"

आमच्या मुलाला तेवढं सांगावं लागलं नाही. चार दिवसांनी त्याचं नवं रील आलं, ‘सेकंड चान्स’ नावाचं. मालकांचा हात त्याच्या खांद्यावर, त्याच्या हातात पाव. त्यानं पाव दाबला, सोडला, पाव पुन्हा फुगला. अर्ध्या तासात ग्रुपवरचे सगळे ‘डन’ आले. खाली एका अनोळखी माणसानं लिहिलं होतं, "कालच जाऊन आलो. पाव शिळाच आहे." परिवारातल्या चार-पाच जणांनी त्याचं प्रोफाइल उघडून पाहिलं. एकही पोस्ट नाही, रील नाही, फॉलोअर्स एकसष्ट. साधा खाणारा माणूस निघाला. त्याच्याकडे काही देणं-घेणं नसल्यामुळे उत्तर द्यायचं कारण उरलं नाही.

त्याच दिवशी दुपारी, हॉटेलला पाव पुरवणाऱ्या बेकरीचा मुलाला मेसेज आला. आमच्या भट्टीवर या, गरम लादीपाव शूट करा, तुमच्यामुळे आमचं नाव झालं.

मुलानं उलट विचारलं, "बार्टर का पेड?"