पाकोळीची भावकी

अंदमानला जायचं म्हटलं की हदगावातला माणूस आधी सावरकरांच्या कोठडीचं विचारतो, मग समुद्राचं. आमच्या मामांनी पाकोळीचं विचारलं.

मामा जन्मभर विज्ञान शिकवून रिटायर झालेले. नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी असलेलं एक वटवाघूळ जगात फक्त अंदमान बेटांवर सापडतं, असं त्यांच्या वाचनात आलं. ऱ्हायनोलोफस कॉग्नेटस. क्नुड अँडरसन नावाच्या डॅनिश माणसानं 1906 मध्ये हे बारसं केलं.

"कॉग्नेटस म्हणजे लॅटिनमध्ये नातलग," मामा म्हणाले.

"म्हंजे भावकी?" मामी म्हणाली. "मग नको. हितलीच निस्तरंना झालीय."

तिचं खरंच होतं. मामांच्या माळवदात दहा-वीस पाकोळ्या कायमच्या लटकलेल्या. त्यांना हाकलायला घरात खास एक खराटा ठेवलेला, आणि आता तसलीच एक बघायला विमानाचं तिकीट! निकोबारचं फळं खाणारं वाघूळही जगात दुसरीकडं नाही, मामांना तेही बघायचं होतं. पण तिकडं पर्यटकांना सोडत नाहीत म्हटल्यावर मामीनं समाधानानं दशम्या करायला घेतल्या.

त्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नांदेड-सिकंदराबाद रेल्वेत पुरून उरली. विमानात डबा उघडल्यावर लसणाचा वास पार पुढच्या रांगेपर्यंत गेला.

पोर्ट ब्लेअरला (2024 पासून श्री विजयपुरम, मामीच्या तोंडी अजून 'पोटबिलेर') सूर्याचं काही खरं नाही. हदगाव 77 रेखांशाच्या थोडं पुढं, हे गाव 92 च्याही पलीकडं, घड्याळ मात्र दोघांचं एकच. म्हणजे दिवस तासभर आधीच उजाडतो आणि तासभर आधीच उरकतो. साडेपाचला दिवेलागण बघून मामी म्हणाली, "पाकोळ्यांनीच लावलेली दिसतीय ही वेळ."

सेल्युलर जेलमध्ये मात्र तिनं सावरकरांच्या कोठडीच्या उंबऱ्याला डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तिथं मला विनोद सुचला नाही, सुचायलाही नको.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांसाठी रात्री तीनला उठवलं. जिरकाटांगच्या फाटकावर गाड्यांची रांग लागते. पुढं जारवा लोकांचं राखीव जंगल. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. मग गाड्यांसकट पाणी ओलांडायचं, स्पीडबोटीनं खारफुटीच्या बोळांतून जायचं आणि उरलेलं उन्हात पायी. वाटेत मामीनं लिंबूपाण्याचा भाव हदगावच्या मराठीत पाडला. विक्रेत्याला शब्द कळला नसावा, सूर कळला.

गुहेत गाईड टॉर्च मारून दगडांत गणपती दाखवत होता. मामा म्हणाले, "गणपती हमारे उधर भी है. चमगादड किधर है?" गाईडनं वर बोट केलं आणि नेमकं तेव्हाच मामांच्या चष्म्यावर काहीतरी पडलं.

"प्रसाद," मामी म्हणाली.

कोपऱ्यात चार-पाच जीव उलटे लटकलेले. पंख अंगाभोवती चादरीसारखे लपेटून घेतलेले. मामांनी त्यांना त्रास नको म्हणून टॉर्चवर हात धरला आणि त्याच उजेडात, टाचा उंचावून, नाक शोधायला लागले. ही नालवाली मंडळी तोंड मिटून नाकातून ओरडतात, तेही आपल्या कानाला न येणाऱ्या आवाजात, आणि त्याच्या प्रतिध्वनीवर अंधारात किडे धरतात. मामांनी नाकात बोलणाऱ्या पोरांना उभ्या नोकरीत बाकावर उभं केलेलं. त्यांचा चेहरा जरा पडला.

पण नाक काही दिसेना. गुहेत राहणारी वटवाघळं तिकडं आणखीही जातीची आहेत, आणि खालून सगळी सारखीच, काळपट आणि रुसलेली.

"हीच का ती?" मी विचारलं.

"असतील," मामा म्हणाले. "ओळख देईनात."

"मग नक्की भावकीच," मामी म्हणाली आणि बाहेर निघाली.

परतताना वारंगा फाट्यावर खिचडी खायला थांबलो. शेजारच्या बाकड्यावर ओळखीचे एक काका निघाले.

"काय गुरुजी, कुठून येऊलालाव?"

"अंदमानहून."

"काय बघितलं?"

"पाकोळ्या."

काकांनी घास तसाच हातात धरला. मामांकडं बघितलं, मग मामीकडं.

"खिचडी गार होतीय," मामी म्हणाली.