माडावर कोण चढणार?

आमच्या आणि काकींच्या आगरामधे कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आहे. त्यातले दोन चिरे वांदरांनी पाडले की आमच्या पोरांनी, हा वाद अजून मिटलेला नाही. पण त्या खिंडारातून अर्ध्या अंजनवेलची खबर रोज इकडची तिकडे होते. परवा मी तुळशीला पाणी घालत होते, तर काकी हातात नारळ धरून उभ्या.

"बघ गो. नऊ माड आहेत आगरात, नि हा गुहागरातून विकत आणलाय. चाळीस रुपये!"

"आणि तुमचे नारळ?"

"कोवळे असतानाच वांदर मटकावतात. उरतात ते वरच वाळतात. पाडायला माणूस आहे कुठे? शेवटचा आला होता त्याने माडामागे शंभर मागितले, वर चार नारळ. म्हटलं, त्यापेक्षा माडच घेऊन जा."

मग खोबरेल, मग सिलिंडर. 2025च्या एप्रिलात 50 रुपयांनी चढला, त्याचा राग काकींच्या मनात अजून ताजा आहे. "आपल्याच गावच्या धक्क्याला परदेशातनं गॅसची बोट लागते गो, नि माझा सिलिंडर टेम्पोतनं येतो!" तो गॅस सिलिंडरात भरतात तो नव्हे, हे मी पूर्वी एकदा समजावलं होतं. पुन्हा त्या फंदात पडले नाही.

"सगळं ह्या बाहेरच्यांमुळे," काकींनी निकाल दिला. "आमचा गुरखा बघ. दिवाळी झाली की हजर, कलमांची राखण जूनपर्यंत. यंदा पगार वाढवून मागतो, वर तांदूळ-डाळ. बायको आली, पोर आलं. ह्यांना व्हिसाबिसा काही नाही?"

"नाही. 31 जुलै 1950 चा करार आहे नेपाळशी. त्यांनी इथे राहावं, कामधंदा करावा. आपणही तिकडे जावं."

"1950? म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी!" काकी जरा दबल्या. "पण आपण कोण जातोय तिकडे?"

इथे मला एन्रॉनचे दिवस आठवले. प्रकल्पाचं बांधकाम जोरात होतं तेव्हा ह्याच काकींनी पडवीच्या दोन खोल्या बाहेरून आलेल्या फिटरांना दिल्या होत्या, आणि भाडं दर सहा महिन्यांनी वाढत होतं. 2001 साली कंपनी बंद पडली, फिटर गेले, तेव्हा काकी महिनाभर सुतकात असल्यासारख्या वावरत होत्या. त्यांचे सासरे गिरणीत होते. लालबागला एका खोलीत अठरा जण, पाळीपाळीने झोपायचे. मनीऑर्डर आली की इकडे चूल पेटायची. हे सगळं मला काकींनीच सांगितलेलं. मी बोलले काहीच नाही. गडगा अजून उभा राहावा असं वाटतं.

"बरं, तुमची भाची कशी आहे?" मी विषय बदलला. बदलला कसला, तिथेच आला.

भाची इंग्लंडात एका वृद्धाश्रमात काम करते. नवरा आणि चार वर्षांचं पोर चिपळुणात. 11 मार्च 2024 पासून तिथे नियम झाला: असल्या कामावर नव्याने येणाऱ्यांनी नवरा-मुलं बरोबर आणायची नाहीत. ही गेली त्या पावसाळ्यात. आणि 2025च्या जुलैपासून तर ह्या कामासाठी बाहेरून नवी माणसं घेणंच बंद.

"काल फोनवर पोर विचारतं, आई, तू कधी येणार? ती तिकडे रडते, हे इकडे," काकींनी पदर डोळ्यांना लावला. "त्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते गो ती, डायपर बदलते. नि तिच्या पोराला तिथे जागा नाही?"

"तिथले लोक म्हणतात, बाहेरच्यांमुळे घरभाडी वाढली."

"मेल्यांना लाज कशी नाही वाटत! काम करून घ्यायला बरी, नि राहायला..."

काकी मधेच थांबल्या. मी तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होते.

"तू काय बघतेस माझ्याकडे?"

"कुठे? मी मंजिऱ्या बघतेय."

"आमच्या गुरख्याचं वेगळं आहे. त्याच्या बायकोला मी जुनं लुगडं दिलंय. पोराला रोज दूध. पाठ धरली माझी तर तीच तेल चोळते." मग आवाज उतरवून, "चोळते मात्र छान."

तेवढ्यात गुरखा आलाच, कमरेला कोयता. काकींनी माडाकडे बोट केलं. "काय रे, चढशील? डोंगरातला तू, तुला कुठला माड!"

त्याने चप्पल काढली, दोरीचा फास पायांत अडकवला आणि बघता बघता झावळ्यांत पोचला. गेल्या हंगामात खालच्या वाडीत शिकला म्हणे. धप्प, धप्प करत नारळ पडायला लागले. काकी खालून एकदा "जपून रे बाबा!" ओरडत होत्या, एकदा मोजत होत्या. तेवीस झाले. तो उतरला, हात झटकले.

"किती द्यायचे?"

"माडाला शंभर, काकी. वर चार नारळ."

काकी माझ्याकडे वळल्या. "पक्का इथलाच झाला गो हा."