कुलूपबंद कॅमेऱ्याचे अध्यापन

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत चित्रवाणी आणि व्हिडिओ निर्मितीचे जे शिक्षण दिले जाते, त्याच्या केंद्रस्थानी कॅमेरा असतो आणि तो आपले केंद्रस्थान सोडून सहसा कोठेही जात नाही. हे केंद्रस्थान म्हणजे विभागप्रमुखांच्या खोलीतील लोखंडी कपाट होय. कॅमेरा खरेदी झाला की त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे ज्या वहीत बाके, पंखे, फळे आणि पाण्याचे पिंप यांची गणती होते त्या वहीत केली जाते आणि त्या नोंदीनंतर त्याच्याकडून हालचालीची अपेक्षा कोणी ठेवत नाही. वस्तू वापरताना फुटली तर सही करणाऱ्याने भरपाई द्यायची आणि वस्तू न वापरता कालबाह्य झाली तर कोणीच काही द्यायचे नाही, असा हिशेबाचा रिवाज असल्यामुळे कोणताही संसारी विभागप्रमुख कालबाह्यतेची बाजू घेतो; आणि गृहकर्जाचे हप्ते चालू असलेल्या माणसाने लेन्सच्या किमतीइतके कलाप्रेम दाखवावे, असा आग्रह धरणेही न्याय्य नाही.

या शिक्षणाचा आरंभ मात्र असा नव्हता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी चित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र उभे राहिले, तेव्हा या कामासाठी माणसे तयार करण्याची गरज सरकारला पटलेली होती. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये निघालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटला १९७४ मध्ये दिल्लीहून आलेला चित्रवाणी विभाग जोडला गेला, तो त्याच गरजेतून. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर उच्चशिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले आणि त्यांच्या निर्मितीसाठी पुण्यासह काही विद्यापीठांत माध्यम केंद्रे उभारली. यंत्रे मोजकी होती, महाग होती आणि कार्यक्रम ठरल्या दिवशी दाखवायचा होता, म्हणून ती कपाटात ठेवण्याची चैन कोणाला परवडत नव्हती. ही अडचण पुढील काळात दूर झाली. विनाअनुदानित अभ्यासक्रम आले, त्यांत कार्यक्रम कोठेही दाखवायचा नव्हता, फक्त गुण द्यायचे होते.

मुंबई विद्यापीठाच्या ‘बॅचलर ऑफ मास मीडिया’ या पदवीचे नाव २०१९ मध्ये बदलून तिला मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनमधील बी. ए. हे भारदस्त रूप देण्यात आले. नाव बदलताना कपाटाची किल्ली कोणाकडे राहावी, याचा विचार कोठल्या अभ्यासमंडळाने केल्याचे ऐकिवात नाही.

प्रात्यक्षिकाचे गणित मात्र सविस्तर पाहण्याजोगे आहे. वर्गात साठ विद्यार्थी, कॅमेरा एक आणि तासिका ४८ मिनिटांची, असे धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला नेमके ४८ सेकंद येतात, ही समानता संविधानालाही अभिमान वाटावा अशी आहे. त्यातून हजेरी, किल्ली शोधणे, ट्रायपॉड म्हणजे तिपाई उभी करणे, तिचा एक पाय घसरतो हे लक्षात आल्यावर त्याखाली वही ठेवणे आणि बॅटरी उतरलेली आहे असा शोध लागणे, हे विधी वजा केले की उरलेल्या वेळात विद्यार्थ्याने कॅमेऱ्याकडे आदराने पाहणे एवढेच शक्य असते. मागच्या रांगेतील विद्यार्थी त्या वेळी स्वतःच्या मोबाइलवर त्या कॅमेऱ्याचे चित्रण करतो आणि ते चित्रण कॅमेऱ्याने केले असते त्याहून सरस निघते.

लेखी परीक्षेत अशी गैरसोय नसते. तेथे ‘व्हाइट बॅलन्स’वर टीप लिहून पाच गुण मिळवता येतात. पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे ३२०० केल्विनचा आणि दुपारच्या उन्हाचा सुमारे ५६०० केल्विनचा मानतात. माणसाचा डोळा हा फरक आपोआप सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला मात्र पांढरी वस्तू दाखवून पांढरे म्हणजे काय ते सांगावे लागते, अन्यथा चेहरे निळे किंवा नारिंगी उमटतात, ही व्याख्या सर्वांना पाठ असते. तिच्यासोबत यूमॅटिक आणि बीटाकॅम या फितींची माहितीही पाठ करावी लागते. यूमॅटिक १९७१ मध्ये बाजारात आली आणि बीटाकॅम १९८२ मध्ये. त्या फितींनी आपला काळ गाजवला हे खरे, पण ज्यांच्या जन्माआधीच त्या निवृत्त होऊ लागल्या होत्या, त्या मुलांना त्यांतील फरक कोष्टकात मांडायला लावण्यामागे पितरांच्या स्मरणापलीकडे काही हेतू असल्यास तो अभ्यासक्रमात नमूद नाही.

व्हाइट बॅलन्सची ती व्याख्या तालुक्याच्या गावातील लग्नाच्या व्हिडिओवाल्याला पाठ नसते, पण हाताला ठाऊक असते. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळून येणारे ऊन, स्टेजवरचे एलईडी दिवे आणि वरमाईच्या मागे कोणीतरी लावून ठेवलेला हॅलोजन असा तिहेरी प्रकाश एकाच चौकटीत आला असता तो भटजींच्या पांढऱ्या उपरण्यावर कॅमेरा रोखून बटण दाबतो, दुसरी भरलेली बॅटरी खिशात आहे हे चाचपून घेतो आणि शेवटच्या मंगलाष्टकाच्या सुरुवातीलाच अंतरपाटाच्या योग्य बाजूला जाऊन उभा राहतो, कारण शेवटचे ‘सावधान’ झाल्यावर अंतरपाट एकदाच दूर होतो आणि त्याचा रिटेक होत नाही. त्याला महाविद्यालयात बोलावले जात नाही. त्याच्याकडे नेट अथवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रतेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र नसते. ज्यांच्याकडे ते असते ते तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरते मानधन घेऊन, तीन महाविद्यालयांत धावपळ करत असतात आणि त्यांच्या हाती कॅमेरा देण्याचा प्रश्न येत नाही, कारण कायम नसलेल्या माणसाची सही नोंदवहीत चालत नाही.

कॅमेऱ्याच्या आयुष्यात एक सण मात्र असतो. नॅक, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करून श्रेणी देणारी राष्ट्रीय परिषद, तिची समिती यायची असली की कपाट उघडते. भिंतीवर हिरवा पडदा चढतो, ज्याला क्रोमा म्हणतात आणि ज्याच्या जागी संगणकावर हवी ती पार्श्वभूमी बसवता येते. पडद्यावरच्या घड्यांच्या सुरकुत्या मात्र संगणकालाही बसवून घेता येत नाहीत. एका विद्यार्थ्याच्या कानांवर हेडफोन घातला जातो, ज्याची पिन कशातच खोचलेली नसते. दुसऱ्याच्या हाती बूम, म्हणजे लांब दांडीच्या टोकाचा माइक दिला जातो आणि तो भाला धरावा तसा धरू नये, अशी सूचना ऐन वेळी मिळते. पुरावा म्हणून जिओटॅग केलेली, म्हणजे अक्षांश-रेखांश छापलेली छायाचित्रे काढली जातात. कॅमेरा कपाटापासून किती दूर गेला, हे त्या अक्षांशांवरून ताडून पाहण्याची पद्धत अद्याप रूढ झालेली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कौशल्याला आणि प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाला श्रेयांक दिले, हा निर्णय मुळात योग्यच आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. थट्टा होते ती अंमलबजावणीत. विद्यार्थी वृत्तवाहिनीत जातो, तेव्हा तेथे पीसीआर, म्हणजे जेथून थेट कार्यक्रमाची सूत्रे हलतात तो नियंत्रण कक्ष, तो काचेबाहेरून पाहतो. त्याच्याकडे बाईट, म्हणजे पुढाऱ्यांच्या तोंडचे चार-दोन वाक्यांचे तुकडे, ऐकून लिहून काढण्याचे काम येते. एका पुढाऱ्याने एका दिवसात तीन ठिकाणी शब्दशः तेच सांगितल्यामुळे एकदा लिहून तीनदा चिकटवण्याचे जे संपादनकौशल्य त्याच्या अंगी येते, तेच त्याचे पहिले खरे व्यावसायिक कौशल्य असते.

तरीही दरवर्षी लघुपट तयार होतात, हे नाकारता येत नाही. बहुतेकांचा आरंभ गजर वाजून नायक जागा होण्याने होतो, मग तो आरशात पाहून दात घासतो, आणि सामाजिक संदेशापर्यंत पोहोचता पोहोचता नऊ मिनिटे संपतात. संवादांमागे रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो, कारण वेगळा माइक कपाटात असतो, आणि हॉर्न झाकण्यासाठी व्हायोलिन इतके वाढवले जाते की संवादही झाकले जातात. हे लघुपट विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर चित्रित होतात, मोबाइलवरच संकलित होतात आणि ते कसे करायचे हे त्यांनी यूट्यूबवर पाहून रात्री जागून शिकलेले असते. श्रेयनामावलीत मात्र पहिले आभार संस्थेचे, तिच्या अद्ययावत साधनसामग्रीबद्दल. यांतील एखाद्या मुलाला चौकट कशी धरावी याची उपजत समज असते आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही तरी तो पुढे जातोच, परंतु ज्याला ती समज शिकवून आली असती तो मात्र शुल्क भरूनही रिकाम्या हाताने बाहेर पडतो.

म्हणून यंदा जून-जुलैत पाल्याचा प्रवेश घेण्यास जाणाऱ्या पालकांना विनंती अशी की, माहितीपुस्तिकेतील स्टुडिओचे गुळगुळीत छायाचित्र पाहून झाल्यावर कॅमेरा विद्यार्थ्यांना देण्याची नोंदवही मागावी, तिचे शेवटचे भरलेले पान उघडावे, त्यावरची तारीख वाचावी, आणि शुल्काचा पहिला हप्ता त्यानंतरच भरावा.