माननीय नोटिफिकेशन डीमन यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय नोटिफिकेशन डीमन,
सेशन बस, /रन/यूजर/1000/बस

विषय: आपल्या मौनव्रताबाबत.

स. न. वि. वि.

आयथ्री विंडो मॅनेजरवर संसार मांडलेल्या आम्हा काटकसरी मंडळींतर्फे हे पत्र. खाजगीत पाठवले असते, पण पत्र आल्याचे आपणच कळवणार, म्हणजे संपलेच.

प्रथम आपल्या संयमाचे कौतुक. बॅटरी 10 टक्क्यांवर आली, 5 वर आली, स्क्रिप्टने घसा कोरडा केला. आपण ब्र काढला नाहीत. पडदा काळा झाल्यावर परिस्थिती आपोआप ध्यानात आली. ग्नोमवर राहणाऱ्यांना ही शांतता कुठून मिळणार?

विंडो मॅनेजरला बोल लावण्यात अर्थ नाही. आयथ्री 2009 पासून खिडक्या मांडते आणि तेवढेच करते. डीडब्ल्यूएमने तर कोड 2000 ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही असा पणच केला आहे. ऑसम हा एक अपवाद, तो सूचनांची सोय घरातच करतो. इतर बहुतेकांकडे आपल्याला बाहेरून आणावे लागते, कुठे डन्स्ट म्हणून, तर स्वेवर माको म्हणून. पण ‘माझे मशीन किती कमी रॅम खाते बघ’ हे मित्राला दाखवण्याच्या नादात आपली नेमणूक करायचीच पुष्कळांकडून राहून जाते.

आपल्या कार्यालयात खुर्ची एकच: ऑर्ग डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट नोटिफिकेशन्स. आधी येऊन जो बसला तो साहेब. एक्सएफसीईचा एखादा किरकोळ प्रोग्राम टाकावा, तर त्याच्या मागोमाग एक्सएफसीई4-नोटिफायडी घरात शिरतो. पहिली सूचना आली की डी-बस सर्व्हिस फाइल बघून त्यालाच उठवते. मग जागरण करून ज्याचा रंग, फाँट आणि कोपरा ठरवला, तो डन्स्ट ‘जागा भरली आहे’ म्हणून दारातूनच परत जातो. महाराष्ट्राला खुर्चीची रस्सीखेच नवी नाही. इथे निदान बसलेल्याचा पीआयडी लॉगमध्ये छापून येतो.

आपल्या मौनाचे प्रकारही अभ्यासण्याजोगे. टर्मिनलमध्ये नोटिफाय-सेंड ‘चहा झाला’ असे लिहून एंटर दाबावे. खुर्चीचे नाव कोणत्याच सर्व्हिस फाइलमध्ये नाही असा खुलासा आला, तर खुर्ची रिकामी. एवढा प्रामाणिकपणा सरकारदरबारीसुद्धा मिळत नाही. टर्मिनल 25 सेकंद अडकून बसले, तर निरोप पोहोचला पण उत्तर आले नाही. डी-बस सहसा तेवढीच वाट बघते. पण चकार शब्द न काढता प्रॉम्प्ट परत आला, एक्झिट कोड 0, आणि पडदा कोरा, तर मात्र आपल्याला दंडवत. अर्ज घेतला, पोच दिली, आणि फाइल दाबून ठेवली!

अशा वेळी बहुधा स्क्रीन लॉकची स्क्रिप्ट तपासावी लागते. कुलूप लावण्याआधी डन्स्टसीटीएल सेट-पॉज्ड ट्रू, उघडल्यावर फॉल्स, अशी तिची रीत. मध्येच ती स्क्रिप्ट मेली की फॉल्स म्हणायला कोणी मागे उरत नाही आणि आपण दिवसभर तोंडावर बोट ठेवून बसता. पुढे कोणी तरी फॉल्स म्हणतो आणि तुंबलेले सगळे एकदम कोसळते. दुपारच्या मीटिंगची आठवण रात्री जेवताना होते. आठवण झाली हे खरेच. वक्तशीरपणाची अट आम्ही कुठे घातली होती?

क्रॉनमधून येणाऱ्या स्क्रिप्टची कथा वेगळी. तिला आपला पत्ताच ठाऊक नसतो. डीबस-सेशन-बस-ॲड्रेस हातात लिहून द्यावा तेव्हा ती आपल्या दारी येते. सुडो लावून हाक मारली तर ती रूटच्या नावाने जाते आणि आपण घरच्या माणसाशिवाय कोणाचे ऐकत नाहीत. बाणेदारपणा म्हणतात तो हाच.

आमची मागणी माफक आहे. बोलायचे नसेल तर नका बोलू, पण पोच तरी देऊ नका.

कळावे, लोभ असावा.

ता. क. हे वाचणाऱ्यांसाठी: सूचना दिसत नाही म्हणून डन्स्टआरसी पुसून नव्याने लिहायला बसू नका. आधी बससीटीएलला यूजर पर्याय लावून ऑर्ग डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट नोटिफिकेशन्स या नावाचे स्टेटस विचारा. तिथे कोण बसले आहे ते पीआयडीसकट येते.