दारासमोरचा कॉम्प्टन

ब्रेकर पाहिजे, यावर आमच्या रस्त्यावर कोणाचं दुमत नाही. तो शेजाऱ्याच्या दारासमोर पाहिजे, यावरही नाही. रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर ब्रेकरवरून गेला की मांडणीवरची भांडी खाली येतात आणि नुकतंच झोपवलेलं पोर उठतं, हे प्रत्येकाला ठाऊक. त्यामुळे निवेदनावर सह्या भरपूर झाल्या आणि 'नेमके ठिकाण' या शब्दांपुढची जागा कोरीच राहिली. ब्रेकर स्वतःच्या दारासमोर मागणारा अख्ख्या रस्त्यात मी एकटा. लोकांना वाटलं, सरांचा त्याग. सेवाग्राम-पवनारच्या जिल्ह्यात कोणाच्या त्यागावर शंका घ्यायची पद्धत नाही, म्हणून कारण कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आमच्या रोहण्याला वेगाची सवय मुळात नाही. पुलगाव-आर्वीची अडीच फुटी रुळांवरची गाडी गावाजवळून जायची. सगळी मिळून पस्तीसेक किलोमीटरची मजल, पण जुनी माणसं तिच्याबद्दल काशीयात्रेसारखं बोलतात. तिला उशीर झाला तर कोणी चिडत नसे. ती एखाद्या दिवशी वेळेवर आली तर मात्र ज्यांची चुकली ते आठवडाभर तोंड टाकत. आता समृद्धी महामार्ग आमच्या आर्वी तालुक्यातून गेला आणि विरूळला उतरायची वाट झाली. तिथे मोटारीला १२० ची मुभा आहे. उतरताना टोल घेतात, पण अंगात भिनलेले १२० तिथेच जमा करून घ्यायची सोय अजून झालेली नाही. दुचाकीला तर महामार्गावर मज्जावच. मग पोरं ती हौस आमच्या घरांपुढून भागवतात.

रस्ता फुटका होता तेव्हा हा प्रश्न नव्हता. तो गुळगुळीत करून द्या म्हणून निवेदन दिलं तेही आम्हीच. सह्या त्याच, क्रम तोच, फक्त विषय बदलला.

निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आला आणि मला कॉम्प्टन आठवला. मला तो कशानेही आठवतो. आर्थर कॉम्प्टन, १९२७ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून बाजूला फेकले गेले की त्यांची तरंगलांबी वाढते, म्हणजे टकरीत थोडी ऊर्जा जाते, हे त्याने दाखवलं. अभ्यासक्रमात असो नसो, कॉम्प्टन मी वर्गात शिकवायचोच. नोबेलच्या आधीचं वर्ष त्याने लाहोरला, पंजाब विद्यापीठात काढलं होतं, हे सांगताना तर मला तो थेट आपल्यातला वाटायचा; नकाशात लाहोर रोहण्यापासून किती लांब आहे, हे पाहायच्या भानगडीत मी पडलो नाही. पुढे २ डिसेंबर १९४२ ला शिकागोत फर्मीने पहिली अणुसाखळी चालवून दाखवली, तेव्हा त्या प्रयोगशाळेचा प्रमुख हाच.

आणि एवढा माणूस म्हातारपणी कशाच्या मागे लागला? ब्रेकरच्या! सेंट लुईसच्या विद्यापीठात तो चान्सलर होता. मुख्य इमारतीपुढून मोटारी सुसाट जातात, हे पाहून त्याने १९५३ मध्ये रस्त्यावर घालायचे उंचवटे स्वतः आखले. हळू जाणाऱ्याला कळणारही नाही आणि जोरात जाणाऱ्याला बसेल, असे. ज्याला अणूने दाद दिली, त्याला मोटारवाल्यांनी दिली नाही, या विचाराने मला किती धीर आला ते सांगता येत नाही. टकरीत ऊर्जा जाते, हा सिद्धांत त्याने आधी क्ष-किरणांवर लावला आणि मग डॉज-फोर्डवर. संशोधकाच्या आयुष्यात एवढी सुसंगती दुर्मीळ. आमच्या दोघांत फरक एवढाच की अर्ज कोणाकडे द्यायचा आणि त्याची पोच कोण देणार, हा प्रश्न त्याला पडला नाही. चान्सलरला जावक क्रमांक लागत नाही.

ही सगळी माहिती मी निवेदनात घातली. शिवाय इंडियन रोड्स काँग्रेसची १९८८ ची मार्गदर्शिका: गोलाईची त्रिज्या १७ मीटर, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, म्हणजे वाहनं तासाला २५ किलोमीटरने ओलांडतात. अलीकडे ४० मीटरवर सूचनाफलक, वर काळे-पांढरे पट्टे. आकृती काढली, कोन दाखवला. ज्या कार्यालयात निवेदन दिलं तिथल्या बाबूने पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "सर, यातला कॉम्प्टन कोण्या वॉर्डातला?"

आता ब्रेकर मी स्वतःच्याच दारासमोर का मागितला, ते कारण. निवृत्त झाल्यावर मी दाराला पितळी पाटी करवून घेतली. नाव, त्यापुढे एम.एस्सी., बी.एड., खाली 'निवृत्त अधिव्याख्याता, पदार्थविज्ञान'. मजकूर मोठा, पाटी बेताची. साठने जाणारा माणूस सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर कापतो. त्याला पाटी पिवळी होती एवढंच कळतं. पंचवीसने गेला तर सेकंदाला सात मीटर. सातमध्ये नाव आणि एम.एस्सी. आरामात वाचून होतं. बी.एड.साठी मात्र ट्रॅक्टरच पाहिजे. हे गणित मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं होतं आणि ते बायकोच्या हाती लागलं. "पाटी वाचून काय करतीन जी लोकं?" ती म्हणाली. "ट्यूशन लावतीन?"

सह्यांसाठी फिरताना समोरच्या ओळीतल्या आजीकडे गेलो. तिला ऐकू येत नाही. कानाने येणारी गाडी तिला कळत नाही आणि डोळ्यांना वळणापलीकडचं दिसत नाही. तरी ती दिवसातून चारदा पलीकडे जाते. कशी, ते मला त्या दिवशी समजलं. तिच्या शेजाऱ्याचा कुत्रा ओट्याखाली पडलेला असतो. मोटारसायकलशी त्याचं जुनं वैर. लांबून आवाज आला की तो उठून उभा राहतो. आजी रस्ता पाहतच नाही, कुत्रा पाहते. कुत्रा पडलेला असला की निघते, उभा झाला की थांबते. अंगठा उमटवून झाल्यावर ती म्हणाली, "बिरेकर कुठंबी टाका जी गुरुजी, पण त्या कुत्र्याले गाडीखाली येऊ देऊ नोका."

मला तिथे राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. सुसाट जाणारी पोरं वाईट नाहीत. बहुतेक माझ्याच वर्गातली. आजी दिसली की "काय आजी!" म्हणून हाकही मारतात, सत्तरच्या वेगात, न ऐकणाऱ्या बाईला. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला अंतर चौपट लागतं, हे मी फळ्यावर लिहून शिकवलंय. त्यांनी ते पेपरात अचूक उतरवलंय. त्याचे पैकीच्या पैकी गुण मीच दिलेत, आणि आता त्याच सूत्रासमोर एक म्हातारी एका कुत्र्याच्या भरवशावर उभी आहे.

ब्रेकर झाला. एका संध्याकाळी कामावरचा टिप्पर आला, जिथे उभा राहायला जागा मिळाली तिथेच उरलेलं डांबर ओतून गेला. ती जागा नेमकी कुत्रेवाल्याच्या घरासमोरची. मी टेप घेऊन गेलो. ३.७ मीटरच्या ठिकाणी हातभर रुंदी आणि सतरा मीटर त्रिज्येच्या ठिकाणी उंटाची मदार. पट्टे नाहीत, फलक नाही. कडेला वीतभर जागा सुटली होती. तिथून दुचाकी काढायचा शोध पोरांनी दुसऱ्याच दिवशी लावला, पण त्यासाठीही हळू व्हावं लागतं. बाकी मोटारी, ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या, सगळे तिथे जवळजवळ थांबतात. कुत्रा हल्ली फारसा उठतच नाही, आणि आजी थेट जाते.

थांबणारा प्रत्येक जण समोरची पाटी सावकाश, पूर्ण वाचतो. तीवर लिहिलंय, 'कुत्र्यापासून सावध राहा'.

चार लोकांत मन मोठं केल्यासारखं दाखवून मी कुत्रेवाल्याकडे विषय काढला. तुमच्या फाटकाला जागा बरीच आहे, माझी पाटी तिथे लावली तर? तो समजूतदार माणूस आहे. "लावा ना जी सर, लाजता काहून?" तो म्हणाला. "फक्त कुत्र्याच्या खालतं लावा. वरतं लावली त लोकं समजतीन, कुत्र्याचंच नाव हाय."